पदवीला किती तास लागतात?

“बारावी होऊन बारा-चौदा वर्षं झाली. नोकरी सोडणं परवडणार नाही, घरी मुलं लहान आहेत. आता पदवी होईल का?”

एसटी डेपोतला वाहक हे विचारतो, अंगणवाडी सेविका विचारते, पतसंस्थेच्या काउंटरवर बसणारी बाई विचारते. ऐकणारा बहुधा “का नाही होणार? शिक्षणाला वय नसतं” असं म्हणून मोकळा होतो. विचारणाऱ्याचं त्यानं काही भागत नाही. त्याची अडचण दिवसाच्या चोवीस तासांची आहे. त्यातले आठ-दहा कामात जातात, दोन-तीन प्रवासात, आणि उरलेल्यांवर घराचा हक्क असतो. म्हणून या प्रकरणात आपण तासांविषयी बोलू. पदवी म्हणजे किती तासांचं काम, ते तास आणायचे कुठून, आणि आणलेले तास वाया जाऊ नयेत म्हणून आत शिरायचं कोणत्या दारानं.

१. आधी जाहिरात वाचा, मग विद्यापीठ निवडा

पदवी कशासाठी हवी, हे प्रवेशअर्ज भरण्याआधी एका ओळीत लिहून काढा. विषय, विद्यापीठ आणि घाई किती करायची, हे तिन्ही त्या ओळीवरून ठरतं.

स्पर्धा परीक्षेला बसायचं असेल तर बऱ्याच जाहिरातींत ‘सांविधिक विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असते. सांविधिक म्हणजे कायदा करून स्थापन झालेलं. अशा वेळी झेपेल तो विषय घ्यावा. इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलं तर तोच अभ्यास पुढं परीक्षेलाही कामी येतो. बढतीसाठी पदवी हवी असेल तर मात्र आपल्या खात्याचे सेवाप्रवेश नियम आस्थापना शाखेत जाऊन डोळ्यांनी वाचा, सहकाऱ्याच्या सांगण्यावर राहू नका. काही पदांना कोणतीही पदवी चालते, काहींना ठरावीक विषयाचीच लागते, आणि काही ठिकाणी पदवीमुळे फक्त सेवेची अट थोडी शिथिल होते. पोलीस शिपायांना फौजदार होण्यासाठी जी खात्यांतर्गत मर्यादित परीक्षा असते, तिच्यात शिक्षण जास्त तर लागणारी सेवा कमी, असा हिशेब राहिलेला आहे. आता पदवीला सहा वर्षं घालवून सेवेची एखाद-दोन वर्षं वाचणार असतील, तर तेवढ्या एका कारणासाठी हा खटाटोप करू नये असं मला वाटतं. दुसरं कारण असेल तर जरूर करावा.

आणि कारण एवढंच असेल, की तेव्हा राहून गेलं, आता करायचंच आहे, तर उत्तमच. मग संस्कृत घ्या, तत्त्वज्ञान घ्या. कुणाच्या जाहिरातीशी तुमचं काही देणंघेणं नाही.

२. दारं किती?

नोकरी करणाऱ्यानं शिकावं म्हणून वेगळी सोय करण्याची कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा वर्ग सकाळी लवकर भरवले, म्हणजे तासिका संपवून विद्यार्थ्याला कचेरी गाठता येई. या दोन्ही सोयींत वेळ बदलली, पण वर्गात जाऊन बसणं कायम राहिलं. आजची सकाळ-महाविद्यालयं आणि रात्र-महाविद्यालयं याच जातीची. घर, काम आणि कॉलेज एकाच गावात असेल आणि पाळी बदलत नसेल, तर हे दार अजूनही चांगलं. समोर शिक्षक आणि शेजारी सोबती असले की अभ्यास पुढं सरकतो.

दुसरा प्रकार पत्राद्वारे शिक्षणाचा. दिल्ली विद्यापीठानं तो १९६२ साली सुरू केला, मुंबई विद्यापीठानं १९७१ च्या सुमारास. मुंबईकर ज्याला ‘आयडॉल’ म्हणून ओळखतात ते हेच. पुस्तकं, टिपणं घरी येतात, परीक्षा विद्यापीठाची असते, आणि अभ्यासक्रम सहसा नेहमीच्या महाविद्यालयासारखाच. ‘बहिःस्थ’ किंवा बोलीत ‘एक्स्टर्नल’ म्हणून परीक्षेला बसणारे याच कुळातले, फक्त त्यांच्या हाती पुस्तकंही कुणी ठेवत नसे.

तिसरा प्रकार मुक्त विद्यापीठाचा. यात अभ्यासक्रम, पुस्तकं, परीक्षा सगळंच घरून शिकणाऱ्याला समोर ठेवून रचलेलं असतं. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं. भारतात पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं, दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली, आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढं इग्नूचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद. तिथली पुस्तकं मराठीत आणि स्वतः वाचून समजावीत अशा बेतानं लिहिलेली असतात. वर्गाऐवजी जवळच्या महाविद्यालयात ‘अभ्यासकेंद्र’ असतं आणि तिथं सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं होतात.

चौथा प्रकार ऑनलाइन पदवीचा. तो सगळ्यात नवा आणि जाहिरातबाजी सगळ्यात जास्त असलेला. ही पदवी देण्याची परवानगी विद्यापीठ अनुदान आयोगाकडून, म्हणजे यूजीसीकडून, घ्यावी लागते. परवानगी कुणाला आहे हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर वर्षवार पाहता येतं. फोनवर “सर, आज सीट बुक केली तर सूट” म्हणणाऱ्या मुलीला ती यादी ठाऊक असेलच असं नाही.

३. श्रेयांक म्हणजे काय?

पूर्वी पदवी वर्षांत मोजत: प्रथम वर्ष, द्वितीय, तृतीय. आता ती श्रेयांकांत मोजतात. इंग्रजी ‘क्रेडिट’साठी हा आपला शब्द. एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे साधारण ३० तास. त्यात पुस्तक वाचणं, व्याख्यान ऐकणं, स्वाध्याय लिहिणं, उजळणी करणं, सगळं आलं. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तासांचं काम. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी सुमारे १२० श्रेयांकांची आणि चार वर्षांची, म्हणजे ऑनर्स, सुमारे १६० श्रेयांकांची.

पोस्टातलं आरडी खातं डोळ्यांसमोर आणा. दर महिन्याला हप्ता भरायचा, मुदत संपली की सगळे एकदम हातात. श्रेयांकाचं असंच आहे. उत्तीर्ण झालेला प्रत्येक विषय हा भरलेला हप्ता. पुढचा एखादा चुकला म्हणून मागचे बुडत नाहीत, पण खातं किती वर्षं उघडं राहील याला मुदत असते. इग्नूत तीन वर्षांच्या बीएला जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पूर्वी कॉलेजच्या परीक्षेत एका गटात राहिलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की बऱ्याच नोकरदारांचं शिक्षणच गेलं. ती भीती आता पुष्कळ कमी झाली आहे.

हे हप्ते नोंदवून ठेवायला यूजीसीनं २०२१ साली ‘शैक्षणिक श्रेयांक बँक’ काढली. डिजिलॉकरमधून तिचं खातं उघडता येतं. त्यात जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात. बदली झाली, लग्न होऊन गाव बदललं, विद्यापीठ बदलावं लागलं, तर हे श्रेयांक पुढं नेता यावेत हा त्यामागचा हेतू. नवं विद्यापीठ तुमचे जुने विषय आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं, म्हणून सगळेच श्रेयांक तसेच्या तसे पुढं जातील असं धरून चालू नका. मधेच थांबावं लागलं तरी साधारण ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि ८० वर पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाट नव्या रचनेत आहे. त्या प्रमाणपत्राला बाजारात फारशी किंमत आहे असं माझं मत नाही, पण श्रेयांक जमा राहतात, ते मोलाचं.

४. आता हिशेब

१२० श्रेयांक गुणिले ३० तास म्हणजे ३६०० तास. तीन वर्षांत करायचे तर वर्षाला १२००, म्हणजे एकही आठवडा न चुकवता आठवड्याला २३ तास. नोकरी करून, घर सांभाळून हे सहसा जमत नाही. तरी प्रवेश घेताना बहुतेक जण ‘तीन वर्षांत उरकून टाकू’ असंच मनाशी धरतात आणि दुसऱ्या सहामाहीत पुस्तकं माळ्यावर जातात.

त्याऐवजी उलटं मोजू. समजा, एक बाई चाकणच्या कारखान्यात दिवसपाळीला आहे. सोमवार ते शनिवार रोज दीड तास, म्हणजे ९. रविवारी ४. आठवड्याचे झाले १३. वर्षाचे ५२ आठवडे धरायचे नाहीत. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, घरातलं एखादं लग्न आणि मुलाचा ताप यांना सहा आठवडे आधीच देऊन टाका. उरले ४६. १३ गुणिले ४६ म्हणजे ५९८; सोयीसाठी ६०० म्हणू. ६०० तासांत २० श्रेयांक होतात, चार-चार श्रेयांकांचे पाच विषय. १२० श्रेयांकांना सहा वर्षं.

सहा वर्षं म्हटल्यावर चेहरा पडतो. पण इग्नूच्या बीएची कमाल मुदतही सहाच वर्षं आहे. म्हणजे आठवड्याला तेरा तास देणारी बाई मुदतीच्या काठाकाठानं का होईना, पोचते. शिवाय ३० तासांचं माप सरासरी विद्यार्थ्याचं, आणि खरं सांगायचं तर ते जरा सढळ हातानं मोजलेलं आहे. कचेरीत रोज खतावणी आणि ताळेबंद हाताळणारा माणूस बीकॉम करतो, तेव्हा लेखाकर्माच्या विषयाला त्याला १२० तास लागत नाहीत. वाचलेले तास त्यानं इंग्रजीच्या विषयावर घालावेत. बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. विषय निवडताना कामाशी नातं असलेले दोन-तीन विषय मुद्दाम घेतले तर सहाची पाच, कधी साडेचार वर्षं होतात.

इथं घरच्यांशी बोलावं लागतं, आणि ते प्रवेश घेण्याआधी. रविवारचे चार तास म्हणजे रविवारचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायचा. पुरुष शिकत असला की घरातल्यांना ‘आवाज करू नका, बाबा वाचतायत’ हे आपोआप सुचतं. बाई शिकत असली की ‘आई, जरा हे बघ ना’ दर दहा मिनिटांनी येतं. दरवाजा असलेली खोली नसेल तर जवळची अभ्यासिका, ग्रंथालय, अगदी शाळेचा रिकामा वर्गही चालतो. दीड तास सलग मिळणं आणि दहा-दहा मिनिटांचे नऊ तुकडे मिळणं, यांत फार फरक आहे.

पाळी फिरती असेल तर अभ्यासाची वेळ घड्याळावर ठरवू नका. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी, अशा स्थितीत ‘रोज सकाळी पाचला’ हा नियम आठवडाभरच टिकतो. ‘झोपून उठलं की चहानंतर लगेच’ हा टिकतो, कारण झोप कधीही झाली तरी त्यानंतर उठणं आहेच. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा धडा काढू नये. जुन्याची उजळणी, स्वाध्यायाचं सुवाच्य लेखन अशी कामं त्या आठवड्याला राखून ठेवावीत.

एक तपासणी प्रवेशाआधीच करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. इग्नूची बहुतेक पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहेत. घ्यायच्या विषयाचं एक पुस्तक उतरवून घ्या आणि महिनाभर, ठरवलेल्या वेळापत्रकानं, अभ्यास करून पाहा. आठवड्याला तेरा ठरवले आणि सहाच झाले, तर फी भरण्याआधी कळलं हे बरंच झालं. मग आधी तास वाढवायची सोय करून, किंवा मुलाची दहावी उरकल्यावर पुढच्या वर्षी प्रवेश घ्या.

५. मुक्त विद्यापीठाची पदवी ‘चालते’ का?

हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेनं परवानगीनं दिलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगानं हे पत्रक काढून पुन्हा सांगितलं. नियमाचं उत्तर ‘चालते’. खासगी कंपनीतला मुलाखत घेणारा मनात काय म्हणतो हा वेगळा भाग. तिथं पदवीपेक्षा तुमच्या कामाची वर्षं जास्त बोलतात.

पण बरोबरी सगळ्या विषयांना नाही. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, भौतिकोपचार, वास्तुरचना, विधी, कृषी, हॉटेल व्यवस्थापन यांच्या पदव्या दूरशिक्षणानं देता येत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र, आहारशास्त्र अशा आरोग्याशी जोडलेल्या विषयांवरही यूजीसीनं हीच बंदी घातली. या विषयांत हाताला काम लागतं, प्रयोगशाळा लागते, रुग्ण लागतो, आणि ते टपालानं पाठवता येत नाही.

इथं फसलेल्यांची उदाहरणं लहान नाहीत. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना अभियांत्रिकीच्या पदव्या दूरशिक्षणानं दिल्या. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित करून त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं, आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या रद्दच केल्या. यांतल्या कितीतरी जणांना त्या पदवीवर बढत्या मिळाल्या होत्या. कारखान्यातल्या आणि रेल्वे वर्कशॉपमधल्या माणसांचा जुना भरवशाचा मार्ग म्हणजे ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ची ‘एएमआयई’ ही परीक्षा होती. तिची पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच राहिली. आता पदविकाधारक नोकरदारांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं, म्हणजे एआयसीटीईनं, २०२३-२४ पासून सोयीच्या वेळेत भरणाऱ्या अभियांत्रिकी वर्गांना परवानगी दिली आहे. जवळच्या महाविद्यालयात असा वर्ग आहे का, हे विचारावं. वर्गात जावं लागतं, पण पदवी शंकेपलीकडची असते.

राज्य विद्यापीठानं दूरशिक्षण आपल्या राज्यातच द्यायचं आणि केंद्रं भाड्यानं दुसऱ्याला चालवायला द्यायची नाहीत, असा नियम आहे. म्हणून गल्लीतल्या दुमजली इमारतीत ईशान्येकडच्या किंवा उत्तरेकडच्या विद्यापीठाचं ‘ऑथोराइज्ड सेंटर’ दिसलं, की पुढं चालू लागा. ‘एका वर्षात पदवी’ आणि ‘मागच्या तारखेचा प्रवेश’ हे दोन शब्दप्रयोग ऐकू आले तर जरा जोरात चाला. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करते. त्या यादीत नागपूरच्या ‘राजा अरेबिक विद्यापीठा’चं नाव वर्षानुवर्षं होतं, तेव्हा फसवणूक फक्त परराज्यातूनच येते असंही नाही.

६. बारावीच नसेल तर?

मुक्त विद्यापीठांनी सुरुवातीच्या काळात इथं मोठं धाडस केलं. शाळेचा दाखला नसला तरी, वय बसत असेल आणि पूर्वतयारीचा छोटा अभ्यासक्रम पार केला असेल, तर पदवीला प्रवेश. गिरणीतून, शेतातून आलेल्या कित्येकांना तेवढं एक दार उघडं होतं. पण अशी पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे, आणि पुढं ज्या जाहिरातीत दहावी-बारावीचा दाखला मागतात तिथं माणूस अडतो. थेट वरची पदवी घेतलेल्यांचं तर आणखी कठीण: अण्णामलाई विद्यापीठाशी संबंधित एका खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं, मूळ पदवी न घेता मुक्त पद्धतीनं थेट मिळवलेली एमए ही नेमणुकीसाठी ग्राह्य धरली नाही.

त्यामुळे माझा सल्ला जुन्या वळणाचा आहे. पायऱ्या गाळू नका. दहावी झालेली असेल तर राज्य मंडळाचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसता येतं. किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी करा. तिथं वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते आणि विषय सुटे-सुटे सोडवता येतात. वर्ष-दोन वर्षं जास्त जातील. त्या बदल्यात अभ्यासाची मोडलेली सवय पदवीआधीच परत लागते, हा फायदा लोक मोजत नाहीत.

७. नाव एक, कागद अनेक

अभ्यासानं जितके लोक अडत नाहीत तितके कागदानं अडतात. बारावीची गुणपत्रिका सापडत नसेल तर राज्य मंडळाच्या ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली होती तिथून दुय्यम प्रत मिळते. अशी नऊ विभागीय मंडळं आहेत. वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच अर्ज करा. शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला, दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, हेही शोधून ठेवा.

बायकांची खरी अडचण नावाची. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, नोकरीच्या नोंदीत तिसरंच, कधी आईचं नाव मधे घातलेलं. श्रेयांक बँकेचं खातं आधारशी जुळतं आणि विद्यापीठ गुणपत्रिकेवरचं नाव धरतं, त्यामुळे दोन्हींत फरक असला की अर्ज तिथंच अडकतो. यातून दोन वाटा निघतात. एक, लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचं शासन राजपत्र जोडून सगळीकडे नवं नाव लावणं. दोन, शिक्षणापुरतं माहेरचंच नाव चालू ठेवून पुढं नोकरीच्या ठिकाणी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा देणं. पहिली वाट सुरुवातीला त्रासाची, पण पदवी प्रमाणपत्र हातात आल्यावर नाव दुरुस्त करत बसण्यापेक्षा हजार पटींनी सोपी. जे करायचं ते पहिल्या अर्जाआधी.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर कार्यालयप्रमुखांना लेखी कळवून परवानगी घ्या, तोंडी ‘करा की, काय हरकत आहे’ यावर विसंबू नका. परवानगीचा कागद नसेल तर पुढं ती पदवी नोंदवून घेताना नेमका तोच प्रश्न उभा राहतो.

८. या वयात डोक्यात राहील का?

राहतं. वयानुसार मेंदूचा वेग थोडा मंदावतो हे खरं, पण शब्दसंग्रह, अर्थ लावण्याची शक्ती, आधीच्या माहितीशी नवी माहिती जोडण्याची शक्ती साठीपर्यंत सहसा टिकून असते. १९५६ पासून अमेरिकेत सिएटल इथं अनेक दशकं चाललेल्या पाहणीत हेच दिसलं. चाळिशीतला माणूस अर्थशास्त्रातली महागाई शिकतो तेव्हा त्याच्यापाशी वीस वर्षांच्या किराण्याच्या याद्या असतात. एकोणिसाव्या वर्षी त्या नसतात.

चुकते ती पद्धत. शाळेत लागलेली सवय म्हणजे वाचलेलंच पुन्हा वाचायचं, रेघा मारायच्या, पुन्हा वाचायचं. वाचताना ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढं निघाले.

वेळ कमी असलेल्याला ही पद्धत फार सोयीची. पुस्तक दीड तासाच्या बैठकीत वाचायचं आणि उठताना वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवायचे, उत्तरं न लिहिता. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये, डेपोत गाडी लागेपर्यंत, दळण होईपर्यंत त्यांची उत्तरं मनातल्या मनात आठवायची. न आठवलेल्या प्रश्नापुढं फुली. पुढची बैठक त्या फुलीपासून सुरू करायची. आठवड्यानं आणि महिन्यानं तेच प्रश्न पुन्हा. कर्जत-कसाऱ्याच्या उभ्या प्रवासात नवा धडा डोक्यात शिरत नाही, पण कालचा आठवायला तो प्रवास पुरतो.

९. स्वाध्याय, परीक्षा आणि नंतरचा अर्ज

इग्नूच्या बहुतेक विषयांत ३० टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेला असतात. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. स्वाध्याय घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून लिहायचे असतात, म्हणून लोक ते शेवटच्या तारखेला कुणाचे तरी उतरवून काढतात. ते ३० गुण तर जातातच, पण लिहिण्याचा सरावही जातो. कित्येक वर्षांत सलग तीन पानं हातानं न लिहिलेला माणूस परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाला थकतो, आणि त्याला वाटतं आपल्याला येत नव्हतं. स्वाध्याय स्वतःच्या हातानं, घड्याळ लावून लिहिले तर परीक्षेची निम्मी तयारी तिथंच होते.

परीक्षेचा अर्ज भरताना सगळे विषय टाकण्याचा मोह आवरा. पाच विषय अर्धवट करून दोनांत उत्तीर्ण होण्यापेक्षा तयारीचे दोनच विषय देणं बरं. उरलेल्यांसाठी पुढची सहामाही आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कचेरीत वर्षअखेरीचं काम असतं, एप्रिल-मेमध्ये लग्नं असतात. म्हणून जूनला हलके आणि डिसेंबरला जड विषय, अशी वाटणी अनेकांना मानवते. शेतीचं घर असेल तर हीच वाटणी उलटी करावी लागेल. परीक्षेच्या दिवसांची रजा वेळापत्रक लागल्याच्या दिवशीच मागा, आणि बदलीच्या पाळीसाठी सहकाऱ्याशी आधी बोलून ठेवा.

शेवटच्या विषयाचा निकाल लागला की पदवी आपोआप नोकरीच्या ठिकाणी पोचत नाही. आधी तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका घ्या. पदवीदान समारंभाचा अर्ज आणि फी वेगळी असते, तिची तारीख चुकवू नका. मग आस्थापना शाखेत अर्ज द्या: सोबत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, सुरुवातीला घेतलेलं परवानगीचं पत्र, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, आणि मागणी एकच, सेवापुस्तकात शैक्षणिक अर्हतेची नोंद घ्यावी. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. महिनाभरानं सेवापुस्तक पाहायला मागा.